तिसरा फोन

प्रताप येवतीकरला दोहात ड्रायव्हर म्हणून ओळखणारे थोडेच. पहाटे तो सनायाच्या, म्हणजे औद्योगिक वस्तीच्या, कॅम्पांमधून मजूर उचलतो, साइटवर सोडतो आणि संध्याकाळी परत आणून टाकतो. बस पांढरी, जुनी, एसी मनाला येईल तेव्हा चालणारा. पण त्याच कॅम्पांत 'फोनवाले अन्ना कुठे राहतात' एवढं विचारा. अल मुंतझातली गल्ली, खालचं केरळी हॉटेल, अंधारा जिना, सगळं तुम्हाला कुणीही सांगेल.

हे नाव त्याला पडलं ते भाषेमुळे. गाव धर्माबाद, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला. तिथल्या मिरचीच्या बाजारात अर्धा सौदा मराठीत होतो नि अर्धा तेलुगूत. आजोळ तर हद्दीपलीकडचंच. त्यामुळे तेलुगू त्याला शिकावी लागली नाही. कतारात तेलंगणाचे मजूर उदंड आणि ते मरतात. तोंड लपवून काय होणार, मरतात. उन्हात मरतात, उंचावरून पडून मरतात, झोपेत तरणेताठे मरतात आणि कागदावर 'हृदयक्रिया बंद पडली' एवढं लिहून सगळे मोकळे होतात. जसं काही बाकीच्यांची मरताना चालूच राहते. मग घरी कळवायचं कुणी? कंपनीचा माणूस इंग्रजीत मेल टाकणार, तोही साहेब सुट्टीवरून आल्यावर. तेव्हा अन्नाला बोलावणं यायचं.

अन्नाची एक रीत होती. पहिला फोन घरी करायचाच नाही. गल्लीतल्या एखाद्या जाणत्याला करायचा, की त्याची तब्येत जरा बिघडलीय, घरच्यांच्या कानावर घाला. दुसरा फोन घरी. दवाखान्यात ठेवलंय, मशीन लावलंय, देवाचं नाव घ्या. आणि मयताची पेटी विमानात चढली की तिसरा. तोवर तिकडे आत्या-मावश्या जमलेल्या असायच्या, बाईला धरायला चार हात तयार असायचे. ही रीत कॅम्पातल्या जुन्या लोकांची, पण प्रतापइतकी ती कुणाला साधली नव्हती आणि त्याची त्याला घमेंडही होती. म्हणायचा, "मरन काय, कुनीबी सांगल. तोडून तोडून सांगाया अक्कल लागते."

ओदेलूच्या वेळी ही अक्कल आडवी आली.

ओदेलू वरंगलचा. सळई बांधायचं काम करायचा. मुकादमाने एकदा त्याच्यावर हात उचलला, याने उलटा उचलला आणि त्याच दिवशी कॅम्प सोडून पळाला. कंपनीने पळून गेला म्हणून नोंद करून टाकली. अशा माणसाला इथे कुणी वाली नसतो. ना पोलिसात जाता येत, ना दवाखान्यात. प्रतापने त्याला गाडीत घातलं आणि थेट उत्तरेला, अल रुवैसच्या बंदरावर नेऊन अबूबकरच्या हवाली केलं. अबूबकर सोलकर रत्नागिरीच्या राजिवड्याचा, मासेमारीच्या लाँचवर खलाशी. मराठी बोलायला मिळतं म्हणून प्रताप अधूनमधून त्याच्याकडे जायचा. त्याने नाखव्याच्या हातापाया पडून ओदेलूला लाँचवर घेतलं. नाखव्यालाही बिनकागदाचा माणूस सोयीचाच.

पुढे एका हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला. तारेचे मोठे पिंजरे मासे धरायला खाली सोडतात, त्याच्या दोरात पाय अडकून ओदेलू पाण्यात गेला. अबूबकरने फोन केला तेव्हा त्याचे दात वाजत होते. तरीही तो म्हणाला, थांब, कुणाला कळवू नकोस. पलीकडच्या एखाद्या बोटीने उचलला असेल. इराणच्या बाजूला असे सापडलेत, महिन्या-दोन महिन्यांनी सुटून आलेत.

प्रतापने ते मानलं. घरी म्हातारी आई होती, मल्लव्वा, आणि बायको रजिता. त्याने या वेळी गल्लीतल्या जाणत्याला वगळून थेट मल्लव्वालाच फोन लावला. तुमचा मुलगा लांबच्या लाँचवर कामाला लागलाय, समुद्रात नेटवर्क नसतं, खुशाल आहे, काळजी करू नका. हा त्याचा पहिला फोन. दुसरा दोन महिन्यांनी, थोडा गंभीर आवाज काढून करायचा असं त्याने ठरवलं होतं. पण मल्लव्वाने त्याला बोलूच दिलं नाही. ती म्हणाली, तू खुशाली कळवलीस तेव्हापासून मला झोप लागायला लागलीय, बिड्डा. बिड्डा म्हणजे लेकरा. त्या शब्दावर त्याचा सगळा बेत ढासळला. आणि पेटी काही कधी विमानात चढणार नव्हती. पेटीच नव्हती. मग तिसरा फोन करायचा कशावरून?

अशी दोन वर्षं गेली. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मल्लव्वाचा मिस्ड कॉल यायचा आणि हा उलटा फोन लावायचा. ती भद्रकालीच्या देवळाबाहेर फुलं आणि नारळ विकायची. मुलाचं विचारून झालं की गावाचं सांगायची. आज तलाव काठोकाठ भरलाय. आज हजार खांबांच्या देवळात शूटिंगवाले आले होते, पुजाऱ्याने हाकलले. किल्ल्यातल्या कमानीखाली पोरं पत्ते खेळतात, ओदेलू पण तिथेच खेळायचा. तू ये, तुला सगळं फिरून दाखवते. दोहातल्या त्या कोंदट खोलीत, बंकवर पडल्या पडल्या, प्रतापला वरंगल पाठ झालं. ज्या गावी जन्मात जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, ते गाव.

आणि गेला तो बायकोमुळे. सरोज धर्माबादला असते. मागच्या सुट्टीत तिने हटच धरला. इतकी वर्षं तुम्ही परदेशात, मला बासरच्या पलीकडे कधी नेलं नाही. शेजारीण वरंगल बघून आलीय, किल्ला, तलाव, देवळं, सगळे फोटो दाखवून दाखवून जीव खाते. प्रतापने हैदराबाद सुचवलं, तिरुपती सुचवलं. सरोज म्हणाली, वरंगलात काय तुमची दुसरी बायको आहे का? यावर नवऱ्याला काय बोलता येतं? निजामाबाद गाठलं, तिथून बस धरली आणि दोघं हनमकोंड्याला उतरली.

हजार खांबांच्या देवळात सरोज हरखून गेली. काळाभोर दगड, आरशासारखा घोटलेला. खांबावर हात फिरवला तर थंडगार. नंदी एवढा जिवंत की त्याच्या गळ्यातल्या दगडी घंटा वाजतील असं वाटावं. ती एकेक खांब मोजायला लागली आणि तिसऱ्या रांगेत चुकली. प्रताप मागे मागे, मान खाली घालून. आपण पहिल्यांदा आलोय हे त्याला खरंच वाटेना. नंदीच्या डाव्या बाजूला सावली कधी येते हेसुद्धा त्याला ठाऊक होतं, फोनवरून. भद्रकालीच्या देवळात मात्र तो येत नव्हता. डोकं दुखतंय म्हणाला, तलावाच्या बांधावर बसतो म्हणाला, तू दर्शन घेऊन ये.

चूक तिथे झाली. सरोजचं माहेर हद्दीपासून लांब, तेलुगू तिला येत नव्हती. फुलं घेताना तिने मोडक्या हिंदीत फुलवालीशी गप्पा सुरू केल्या. कुठून आलात? महाराष्ट्रातून. मालक काय करतात? दोहाला असतात. दोहा म्हटल्यावर फुलवालीने हातातला गजरा खाली ठेवला. दोहाहून आलेल्या प्रत्येकाला ती तेच विचारायची, माझा ओदेलू तुम्हाला कुठे दिसला का, लाँचवर असतो. सरोजला वाटलं, म्हातारीला तेवढाच धीर. ती ताठ्याने म्हणाली, आमच्या मालकांना विचारा, तिकडचा एक तेलुगू माणूस त्यांना ओळखत नाही असा नाही. प्रताप येवतीकर नाव.

बांधावरून प्रतापने पाहिलं. सरोजच्या पुढे एक वाळकी म्हातारी, पदर सावरत, जवळजवळ पळत येत होती. त्याला उठता आलं नाही. तिने त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, कानशिलावर बोटं मोडली आणि रडत रडत सरोजला तेलुगूत सांगायला लागली, की याचा आवाज माझ्या घरात दर शुक्रवारी येतो. सरोजला शब्द कळला नाही, पण तीही रडली.

मग सुटका नव्हती. टपरी बंद झाली. घरी नेलं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दारात शिलाई मशीन. मशीनवर बसलेल्या रजिताने पाणी आणून दिलं आणि प्रतापकडे एकदा नीट पाहून घेतलं. गरम भात, चिंचेचा पुलुसू, वाळवलेल्या मिरच्या. मल्लव्वा समोर बसून वाढत होती आणि हा खात होता. मान वर न करता तो भात कालवत बसला की म्हातारी म्हणायची, लाजू नकोस, तुझंच घर आहे. जेवणं झाल्यावर तीच रजिताला म्हणाली, मला फुलांचं बघायला हवं, किल्ला यांना तू दाखव गं.

वरंगलच्या किल्ल्यात भिंती कमी आणि पडझड जास्त. चार दिशांना चार दगडी तोरणं उभी आहेत. मधलं देऊळ जमीनदोस्त झालेलं. कोरीव दगड गुरांसारखे इतस्ततः बसलेले. सरोज मोबाइल घेऊन तोरणाखाली गेली. तेवढा वेळ रजिताला पुरेसा होता.

"अन्ना, एक विचारायचंय. सासूबाईंसमोर विचारता येत नव्हतं."

"विचार."

"तिकडे बाई ठेवलीय का त्यांनी?"

ती रडेल, ओरडेल, मुलगा-बाप-नवरा सगळ्यांची शपथ घालेल, याची प्रतापने मनात तयारी केली होती. याची नव्हती.

"सगळी गल्ली म्हणते," ती शांतपणे बोलत होती. "आता मीही म्हणते. ज्या माणसाला जेवताना हातातला फोन सुटत नव्हता, त्याला दोन वर्षांत एकदा नेटवर्क मिळू नये? तुम्ही त्यांचे मित्र, तुम्ही झाकणारच. मला राग नाही. फक्त सांगा. रोज त्यांच्या नावाने शिव्या घालते मी. बरोबर माणसाला घालतेय ना, एवढंच कळू दे."

समुद्राने ओदेलूला एकदाच मारलं होतं. त्याचं नाव मात्र प्रताप इथे दर शुक्रवारी थोडं थोडं मारत आला होता. आणि ते नाव वाचवायचं तर माणूस मारावा लागणार होता, या बाईच्या समोर, आत्ता, पहिला-दुसरा काही न करता.

"रजिता, तो मेलाय," प्रताप म्हणाला. "लाँचवरून पडला. दोन वर्षं होऊन गेली. बाई वगैरे काही नव्हतं."

ती एका कोरीव दगडावर बसली. कुणाच्या तरी देवळाचा तो तुकडा होता, हत्ती कोरलेले. तिने तोंडाला पदर लावला आणि ती म्हणाली, "म्हणजे सोडून नाही गेले." तेच ती पुन्हा म्हणाली. तिचे खांदे हलायला लागले, पण आवाज आला नाही. पुढचा प्रश्न तिने विचारला तेव्हा डोळे कोरडे होते.

"पाहिलं कुणी?"

पाहणारा आहे, असं प्रतापने सांगितलं. ती म्हणाली, त्याला बोलायला लावा. त्याच्या बोलण्याशिवाय ते मेलेले नाहीत, पळालेले आहेत, तुमच्याकडेही आणि इकडेही. मी सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला जायचं की नाही, हे मला तुमच्या कतारमधून कळायला पाहिजे का? सासूबाईंना मी सांगेन. तुम्ही आता फोन करायचा नाही.

परतीच्या बसमध्ये सरोजने नुसतं विचारलं, काय झालं? त्याने सगळं सांगून टाकलं. ती निजामाबाद आलं तेव्हा बोलली. "तुमी त्येंला नाई वाचवलं. सोताला वाचवलं. आन् त्या माउलीच्या घरी जेवून आलाव आपून." त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

दोहात परत आल्यावर शुक्रवार आला आणि गेला. मल्लव्वाचा मिस्ड कॉल आला नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. रजिताने तिला सांगितलं हे प्रतापला त्या गप्प फोनवरून कळलं. त्याने बस धुऊन लावली, एका मित्राची गाडी मागितली आणि अल रुवैसचा रस्ता धरला.

अबूबकर धक्क्यावर पिंजऱ्याची तार दुरुस्त करत होता, लाँच दुसऱ्या दिवशी निघायची होती. त्याने हसून चहा मागवला. प्रतापने चहाला हात लावला नाही आणि आल्या आल्या सांगितलं की पोलिसात जायचंय, तू साक्ष द्यायचीस. अबूबकरची पक्कड थांबली. तो म्हणाला, हे काय नवीन काढलंस. प्रतापने वरंगलचं सांगितलं, रजिताचं सांगितलं. अबूबकरने सगळं ऐकून घेतलं.

"परतापभाय, नाखवाच माजा कफील हाय, माजा व्हिसा त्याच्याच हातात. मी बोललो तर उद्या मना या धक्क्यावर उभा कोन करील? माजी उजमा नर्सिंगला हाय. तिची अजून दोन वरसां बाकी हायत."

"तुझं तोंड बंद हाये म्हणून तिकडं एक बाई ना धड सवाष्ण, ना धड विधवा."

"आनि तुजा तोंड?" अबूबकरने पक्कड खाली टाकली. "माजा बंद होता. तू तर दर शुक्रवारी बोलत होतास."

प्रताप चिडला, उठला, चार पावलं गेला, परत आला. रागाने काही होणार नाही हे त्याला कळत होतं आणि राग जातही नव्हता. शेवटी त्याने रजिताला फोन लावला आणि फोन अबूबकरच्या छातीवर टेकवला. पोलिसांना नको सांगूस, हिला तरी सांग.

अबूबकरने हिंदीत सांगायला सुरुवात केली. वारा, दोर, पिंजरा. रजिताने त्याला मध्येच थांबवलं. ते पोहत होते का, एवढंच विचारलं. तलावाच्या काठी वाढलेला माणूस होता तो.

अबूबकरची मान खाली गेली. "हां," तो म्हणाला. "तैर रहा था. आवाज भी दिया. मेरा नाम लेके."

ही गोष्ट त्याने प्रतापला कधी सांगितली नव्हती. दोन वर्षं प्रताप समजत होता की ओदेलू दगडासारखा खाली गेला. आता अबूबकर थांबेना. लाँच वळवली असती तर तो सापडला असता. पण नाखवा म्हणाला, वाऱ्यात वळलो तर सगळेच जाऊ. आणि वाचवून आणलाच, तर किनाऱ्यावर विचारतील, हा कोण, याचे कागद कुठेत. अबूबकरने सुकाणूवरचा नाखव्याचा हात धरला होता. धरला, आणि मग सोडला.

पलीकडून रजिता इतकंच म्हणाली, की हेच सरकारसमोर सांगा. अबूबकरने फोन प्रतापच्या हातात परत दिला आणि पक्कड उचलून पुन्हा तार वाकवायला लागला. वर न बघता त्याने मराठीत सांगितलं, "माजा नाव घेव नको, परतापभाय. अल्लाच्या वास्ते."

प्रतापने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो गाडीत जाऊन बसला. मदिनत अश शमाल, त्या भागातलं मुख्य गाव, तिथून जवळच आहे. तिथल्या पोलीस ठाण्यासमोर त्याने गाडी लावली. आत गेल्यावर काय होणार ते त्याला पुरतं माहीत होतं. पळालेल्या माणसाला स्वतः गाडीतून आणून सोडलं, हा पहिला गुन्हा. मेलेला लपवला, हा दुसरा. बस गेली, व्हिसा गेला. सरोजला काय सांगायचं, याचा त्याने विचार केला आणि लक्षात आलं, की तिला काहीच तोडून तोडून सांगावं लागणार नाही.

आत अधिकाऱ्याच्या शेजारी दुभाषी बसला होता, जियाद नावाचा. आजोबा हैदराबादकडचे, त्यामुळे त्याची हिंदी दख्खनी वळणाची. त्याने माणुसकीने पाणी दिलं, नाव लिहून घेतलं, काय तक्रार आहे विचारलं. माणूस मेल्याची नोंद करायची आहे, असं प्रताप म्हणाला. कधी मेला? दोन वर्षांमागे, घरच्यांना आत्ता कळलं. अधिकाऱ्याने लिहिणं थांबवलं आणि जियादला अरबीत काहीतरी विचारलं. तो इतके दिवस जिवंत आहे असं घरच्यांना का वाटत होतं, असं साहेब विचारतायत, जियाद म्हणाला.

"मी सांगत होतो म्हणून," प्रताप म्हणाला.

जियादने त्याच्याकडे पाहिलं. हे असंच भाषांतर करू का, असं त्याने हलकेच विचारलं. असंच कर, प्रताप म्हणाला. जियादने केलं. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं, मग पेन टेबलावर आडवं ठेवून पुढचा प्रश्न विचारला. पडताना तू पाहिलंस का? नाही. मग तो मेला हे तू कशावरून म्हणतोस? नुसत्या सांगण्यावर इथे कुणी मरत नाही.

प्रतापच्या डोळ्यांसमोर धक्क्यावरची ती खाली घातलेली मान आली. राजिवड्यातली उजमा त्याने कधी पाहिली नव्हती. रजिताला पाहिलं होतं.

"अबूबकर सोलकर," तो म्हणाला. "राहणार राजिवडा, रत्नागिरी. त्याने पाहिलंय. लाँच उद्या निघते. आत्ता तो धक्क्यावरच आहे."

जियादने भाषांतर संपवायच्या आत अधिकाऱ्याने गाडीची किल्ली उचलली होती.